बास क्लॅरिनेट : चाव्यांचा खडखडाट आणि त्यावरचे उपाय

बास क्लॅरिनेटची प्रत्येक चावी दोनदा वाजते. बोट दाबते तेव्हा पॅड छिद्राच्या काठावर बसते, तो पहिला आवाज. बोट उचलले की स्प्रिंग चावीला मागे ढकलते आणि चावीची शेपटी वाद्याच्या अंगावर किंवा शेजारच्या भागावर आपटते, तो दुसरा. हा दुसरा आवाज बहुधा मोठा असतो. दाबण्याचा वेग वादकाच्या हातात असतो, परतीचा वेग मात्र स्प्रिंग ठरवते. खडखडाटाची तक्रार करणारे बरेच वादक बोटे हलकी ठेवण्याचा सराव करत बसतात, पण मूळ दोष परतीच्या ठोक्यात असतो आणि सरावाने तो जात नाही.

लग्नाच्या वरातीत दिसणारा नेहमीचा बी फ्लॅट क्लॅरिनेट साधारण ६६ सेंटिमीटर लांब असतो. बास क्लॅरिनेट त्याच्या एक सप्तक खाली वाजतो, म्हणून त्याची नळी जवळजवळ दुप्पट लांब आणि जास्त रुंद असते. छिद्रे इतकी मोठी आणि एकमेकांपासून इतकी दूर, की बोटांच्या पेरांनी ती झाकताच येत नाहीत. बोट पडते ते धातूच्या बंद झाकणावर. करंगळीने दाबायची चावी एका ठिकाणी आणि तिचे छिद्र वीतभर किंवा हातभर दूर, असा प्रकार असल्यामुळे मध्ये लांब दांड्या, तरफा आणि जोड येतात. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनी १८३८ साली ब्रुसेल्समध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिचे सामर्थ्य यातच होते: छिद्रे बोटांच्या सोयीने नव्हे, तर ध्वनिशास्त्राला हवी तिथे आणि हवी तेवढी मोठी पाडायची आणि ती झाकण्याचे काम यंत्रणेवर सोपवायचे. बास क्लॅरिनेटचा भरदार, समान आवाज या निर्णयातून आला आणि चाव्यांचा खडखडाटही त्यातूनच आला.

हा आवाज एवढा खुपतो याला कानाची घडणही कारणीभूत आहे. सर्वांत खालच्या सी स्वरापर्यंत जाणाऱ्या बास क्लॅरिनेटचा तळाचा स्वर प्रत्यक्षात सुमारे ५८ हर्ट्झचा असतो. इतक्या खालच्या आवाजाला माणसाचा कान बराच मंद असतो. धातूवर धातू आपटल्याचा टिकटिकाट मात्र काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ या पट्ट्यातच कान सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे चावीच्या ठोक्यात ऊर्जा थोडी असूनही तो स्वराच्या वर तरंगत स्पष्ट ऐकू येतो. त्यातून हे वाद्य हळू वाजण्यासाठी नावाजलेले. चायकॉव्हस्कीच्या १८९३ सालच्या सहाव्या सिम्फनीत पहिल्या भागाच्या मध्यावर क्लॅरिनेटची धून हळूहळू विरत जाते आणि तिचे शेवटचे चार स्वर बसून या फुंकवाद्यासाठी लिहिलेले आहेत. तिथे हळूपणाची खूण म्हणून 'पी' हे अक्षर एका ओळीत सहा वेळा घातले आहे. इतके हळू वाजवणे बसूनला अवघड, म्हणून अनेक ऑर्केस्ट्रांमध्ये हे चार स्वर बास क्लॅरिनेटला दिले जातात. सभागृह श्वास रोखून बसलेले असताना एक सैल तरफ वाजली, तर ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चावीची रचना नीट समजून घ्यावी लागते. चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी नसते, चांदीचा किंवा निकेलचा मुलामा वरून चढवलेला असतो. वाद्याच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या अंगात धातूचे छोटे खांब बसवलेले असतात. दोन खांबांच्या मध्ये चावीची पोकळ नळी असते आणि तिच्यातून पोलादी दांडी आरपार जाते. काही चाव्यांना आरपार दांडी नसते. दोन्ही टोकांना टोकदार स्क्रू असतात आणि चावी त्यांच्यावर तोलून फिरते. नळीवरून एक बाहू निघतो, त्याच्या टोकाला वाटी आणि वाटीत पॅड. उलट बाजूला छोटी शेपटी, तिच्याखाली कॉर्क किंवा फेल्टचा तुकडा. सुईसारखी पोलादी स्प्रिंग एका टोकाला खांबात घट्ट रोवलेली असते आणि दुसरे टोक चावीवरच्या बारीक खाचेत अडकवलेले असते. ही रचना शांत राहते ती दोन गोष्टींमुळे: फिरणारे भाग एकमेकांत घट्ट पण मोकळे बसलेले असावेत आणि धातू कुठेही उघड्या धातूला किंवा लाकडाला भिडू नये.

आवाजाचा प्रकार ओळखता आला की निम्मे काम झाले. 'धप' असा जड आवाज पॅडचा किंवा शेपटीखालच्या गादीचा असतो. 'टिक' असा कोरडा, धारदार आवाज म्हणजे धातू धातूला लागतो आहे. चावी दाबताना एकाऐवजी दोन बारीक ठोके आले, तर दोन जोडलेल्या चाव्यांमध्ये फट पडलेली असते. पहिली चावी थोडी रिकामी फिरते आणि मग दुसरीवर आदळते. चावी सोडल्यावर दोन ठोके आले, तर स्प्रिंग अशक्त झालेली असते आणि जड वाटी आपटून पुन्हा उसळते. पॅड छिद्रावरून उठताना 'चट्' असा आवाज आला तर ते चिकटते आहे. करकर येते ती स्प्रिंगचे टोक खाचेत घासल्यामुळे, आणि त्या खाचेत ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. एक आवाज याहून वेगळा आणि फसवा असतो: बोटे स्थिर असताना, एखादाच स्वर धरल्यावर येणारी झिणझिण. ती हवेच्या कंपनाने एखादा सैल स्क्रू, मोडलेल्या स्प्रिंगचा अडकून राहिलेला तुकडा, मानेजवळचा सैल पेच किंवा खालच्या टेकूचा स्क्रू थरथरल्यामुळे येते. तो स्वर कोणीतरी धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने एकेका भागाला बोट लावत जायचे. ज्या भागाला स्पर्श होताच झिणझिण थांबते, तो दोषी.

चाव्यांच्या आवाजाचा शोध मात्र वाद्य न फुंकता घ्यावा लागतो. शांत खोलीत वाद्य मांडीवर आडवे धरून एकेक चावी अगदी सावकाश दाबावी आणि सावकाश सोडावी, मग तीच चावी वेगाने. सावकाश दाबतानाही टिक ऐकू आली, तर जोडात फट आहे. फक्त वेगाने सोडताना आली, तर गादी झिजलेली किंवा पडलेली आहे. नेमकी जागा सापडत नसेल, तर सिगारेटच्या पातळ कागदाचा कपटा संशयित संपर्काच्या जागी सरकवून तीच हालचाल पुन्हा करावी. आवाज बदलला की जागा सापडली. बास क्लॅरिनेटवर एक आवाज दूरच्या दांडीतून प्रवास करून भलतीकडेच ऐकू येतो, त्यामुळे केवळ कानावर विसंबून फेल्ट चिकटवत सुटलेल्या वाद्यांची अवस्था पुढे वाईट होते. कपट्याची चाचणी कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही.

यानंतर चाव्या हलवून पाहायच्या. चावीची वाटी चिमटीत धरून नळीच्या दिशेने मागेपुढे आणि मग आडवी हलवावी. यंत्रांची कामे करणारे फिटर ज्याला 'प्ले' म्हणतात, तो इथे हाताला जाणवतो. नळी खांबांच्या मध्ये आखूड पडली असेल तर चावी लांबीच्या दिशेने सरकते. नळीचे भोक झिजून मोठे झाले असेल तर ती डोलते. लहानसा प्ले टोकाला मोठा होतो: २० मिलिमीटर लांबीच्या नळीच्या टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी मोकळीक असेल आणि बाहू ६० मिलिमीटरचा असेल, तर वाटीजवळ तीच हालचाल मिलिमीटरच्या तीन दशांशाएवढी होते. एवढ्याने खडखडाट तर होतोच, शिवाय पॅड प्रत्येक वेळी थोडे वेगळ्या जागी बसते आणि हवा गळू लागते.

तेल घालणे हा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो आणि तो निरुपयोगी नाही. दांडी बाहेर काढून जुने काळपट तेल पुसून नवीन थेंब घातला, तर दांडी आणि नळी यांच्यामधली पातळ फट भरली जाते आणि ठोका मऊ होतो. नव्या, घट्ट यंत्रणेला पातळ तेल लागते. शिलाई मशीनचे तेल त्याच जातीचे. झिजलेल्या यंत्रणेत ते तेल टिकत नाही, तिथे दाट तेल लागते. खोबरेल मात्र कधीही वापरू नये. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते गोठते आणि हिवाळ्यातल्या सकाळी सगळी यंत्रणा आखडते. पण तेलाची खरी किंमत निदानात आहे. तेल घातल्यावर चावी एकदम शांत झाली आणि काही दिवसांत पुन्हा वाजू लागली, तर दोष झिजेचा आहे हे सिद्ध झाले. अशा वेळी पुन्हा पुन्हा तेल घालत राहणे म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलणे.

झिजेची दुरुस्ती कारागिराच्या हातची. आखूड पडलेल्या नळीत दांडी ठेवून तिला खास पक्कडीने भोवतालून दाबतात. जर्मन सिल्व्हर तन्य असल्यामुळे धातू दाबला जातो तसा लांबीकडे सरकतो आणि नळी केसाएवढी लांब होऊन खांबांमधली जागा भरून काढते, भोकही आवळते. झीज जास्त असेल तर किंचित जाड दांडी करून भोक तिच्या मापाने साफ करतात. टोकदार स्क्रूंच्या चाव्यांत स्क्रू आणखी आत जाईल अशा बेताने खांबाची खोबण खोल करतात. या कामाला वेळ लागतो आणि ते स्वस्तही नसते. तरीही क्रम हाच असला पाहिजे: आधी बिजागऱ्या, मग गाद्या. डोलणाऱ्या चावीखाली कितीही चांगले फेल्ट लावले, तरी ती बाजूला घसरून वाजतच राहते.

गाद्यांसाठी वापरले जाणारे पदार्थ थोडेच आहेत, पण कुठे काय लावायचे यात सगळे कौशल्य आहे. नैसर्गिक कॉर्क हा जुना आणि विश्वासू पदार्थ. तो अचूक जाडीत कापता येतो आणि फारसा दबत नाही, म्हणून जिथे दोन चाव्यांचे मिटणे एकाच क्षणी जुळायला हवे तिथे तोच लागतो. काही वर्षांनी तो कडक होतो आणि मग खटखटतो. फेल्ट सर्वांत शांत, पण दबते आणि जाडी सोडते. त्यामुळे ते चावीच्या परतीच्या थांब्यावर शोभते, जुळणीच्या जागी नाही. कृत्रिम स्वेडचे पातळ कापड मऊ असूनही फारसे दबत नाही; घासत सरकणाऱ्या संपर्कांवर ते आज सर्रास वापरले जाते. रबर आणि कॉर्क यांचा एकत्र दाबलेला तक्ता टिकाऊ असतो, मात्र रबरातले गंधक चांदीच्या मुलाम्याला काळे करते, हे ध्यानात ठेवून जागा निवडावी. सरकत्या जोडांवर टेफ्लॉनच्या पातळ पट्ट्या किंवा नळ्या बसवतात, त्या घर्षण कमी करतात.

डाव्या करंगळीच्या तरफा हे खडखडाटाचे ठरलेले घर आहे, म्हणून ते जवळून पाहावे. या तरफा वाद्याच्या एका बाजूला दाबल्या जातात आणि दुसऱ्या बाजूची चावी हलवतात. अनेक वाद्यांत तरफेच्या टोकाला एक बारीक पिन असते आणि ती समोरच्या चावीच्या भोकात शिरते. पिन भोकात मोकळी हलायला हवी, नाहीतर तरफ अडकते. पण मोकळी म्हणजे दोन्ही बाजूंना धातूवर धातू. जुने कारागीर या पिनेभोवती जनावराच्या आतड्याचे पारदर्शक कातडे गुंडाळत, तेच जे सोन्याचा वर्ख कुटताना वापरतात. एकदोन वेढे पुरतात, पण कातडे काही महिन्यांत फाटते. आज अनेक निर्माते पिनच नायलॉनची करतात किंवा धातूच्या पिनेवर टेफ्लॉनची टोपी घालतात. हा बदल दिसायला क्षुल्लक असला तरी कानाला लगेच कळतो, आणि जुन्या वाद्यावर आधी करण्यासारखी दुरुस्ती हीच.

परतीची गादी बदलण्याचे काम थोड्या धीराने घरी करता येते. जुना कॉर्क पात्याने खरवडून काढायचा, जागा स्पिरिटने पुसून कोरडी करायची. चपला चिकटवायला वापरतात तसला रबरी गोंद दोन्ही पृष्ठांवर पातळ लावून, वाळू देऊन, मग तुकडा दाबून बसवायचा. झटपट चिकटणारा पातळ गोंद फेल्टमध्ये शोषला जाऊन त्याला खड्यासारखे कडक करतो, तेव्हा तो टाळावा. तुकड्याच्या कडा धारदार पात्याने तिरक्या छाटाव्यात. सुटलेले धागे शेजारच्या चावीत अडकतात. खरी काळजी जाडीची घ्यावी लागते. गादी जाड झाली की चावी कमी उघडते. प्रवास कमी झाल्याने आवाज कमी होतो आणि वादक खूश होतो, पण छिद्रावर पॅडची सावली पडल्यासारखी होऊन स्वर उतरतो आणि दबका येतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्या छिद्राचे स्वर ट्यूनरवर नोंदवून ठेवावेत आणि नंतर पुन्हा तपासावेत. शांततेसाठी सूर घालवणे हा कधीही परवडणारा सौदा नाही.

पॅडचा इतिहास आवाजाशी निगडित आहे. पूर्वी सपाट धातूच्या झाकणाखाली चामड्याचा तुकडा असे. तो वाजेही आणि गळेही. क्लॅरिनेटवादक इवान म्यूलर यांनी १८१२ च्या सुमारास वाटीच्या आकाराच्या चाव्या आणि मऊ, भरीव पॅड आणले आणि क्लॅरिनेटवर जास्त चाव्या बसवणे शक्य झाले. आजचे सर्वसाधारण पॅड म्हणजे पुठ्ठ्यावर फेल्ट आणि त्यावर आतड्याचे पातळ पिवळसर कातडे. बास क्लॅरिनेटवर चामड्याचे पॅडही बरेच दिसतात. ते जास्त मऊ बसतात आणि मोठ्या छिद्रांवर त्यांचा ठोका बोथट होतो. पण पॅडच्या जातीपेक्षा ते किती नीट बसले आहे याला महत्त्व जास्त. पॅड एका बाजूने गळत असेल तर वादक नकळत बोट जोरात दाबतो आणि सगळे वाद्य जास्त वाजू लागते. गळती काढली की बोटे आपोआप हलकी पडतात. चिकटणाऱ्या पॅडखाली पातळ कागद ठेवून चावी हलकेच मिटावी आणि ओल शोषून घेऊ द्यावी. पावडर फवारणे टाळलेले बरे, कारण ती पुढे ओलाव्यात भिजून स्वतःच चिकट होते.

सर्वांत नाजूक प्रश्न वरच्या सप्तकाच्या यंत्रणेचा. क्लॅरिनेट डाव्या अंगठ्याच्या चावीने एक बारीक छिद्र उघडून बाराव्या स्वरावर उडी घेतो. बास क्लॅरिनेटला असे एक छिद्र पुरत नाही. चांगल्या वाद्यांत दोन असतात, एक खाली आणि एक मानेकडे. अंगठा एकच चावी दाबतो आणि कोणते छिद्र उघडायचे हे उजव्या हाताच्या अनामिकेच्या झाकणावरून ठरते. ते झाकण मिटलेले असेल तर खालचे छिद्र उघडते, उचलले की वरचे. म्हणजे लिखित डीवरून ईवर जाताना एका क्षणात एक पॅड मिटते, दुसरे उघडते आणि दोघांमधली तरफ झुकते. या साखळीत तीनचार संपर्क असतात आणि एकातही कॉर्क झिजला, तर सप्तकाच्या मध्यावर प्रत्येक वेळी टिक ऐकू येते. इथे फेल्ट लावणे धोक्याचे, कारण ते दबताच दोन्ही छिद्रे अर्धवट उघडी राहू लागतात आणि स्वर फुटतो. पातळ कॉर्क किंवा स्वेड, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही पॅडांची गळती तपासणे, हीच पद्धत सुरक्षित.

स्प्रिंगचा जोर हाही आवाजाचाच भाग. वेगाने वाजवता यावे म्हणून काही वादक सगळ्या स्प्रिंगा ताठ करून घेतात. मग चाव्या परतताना गादीवर आदळतात. उलट तळाच्या मोठ्या वाट्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या तर त्या वाट्या उसळतात. योग्य ताण म्हणजे चावी न उसळता परत येईल एवढाच. कोकणात आणि मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळ्यात पोलादी स्प्रिंगा आणि दांड्या लवकर गंजतात. गंजलेली दांडी नळीला आतून घासते आणि झीज वाढवते. वाजवून झाल्यावर वाद्य पुसून, पेटीत ओल शोषणारी पुडी ठेवण्याची सवय तिथे उपयोगी पडते.

इतके सगळे केले तरी थोडा आवाज राहतोच. ध्वनिमुद्रणात तो जास्त जाणवतो, कारण मायक्रोफोन बहुधा वाद्याच्या मधोमध, चाव्यांच्या अगदी तोंडाशी लावलेला असतो. बास क्लॅरिनेटचा स्वर केवळ खालच्या कर्ण्यातून नव्हे, तर उघड्या छिद्रांतूनही निघतो. तेव्हा मायक्रोफोन एक-दीड मीटर मागे घेतल्याने स्वर बिघडत नाही, उलट नीट मिसळतो आणि ठोके मागे पडतात. काही आधुनिक संगीतकार चावीचा ठोका मुद्दाम लिहितात, न फुंकता चावी आपटून नळीचा खोल प्रतिध्वनी काढतात. त्यासाठीही खटखटणारी नव्हे, घट्ट यंत्रणा आणि न गळणारे पॅड लागतात.

घरी काय करावे आणि काय करू नये, याची सीमा स्पष्ट आहे. पुसणे, तेल घालणे, कपट्याने शोध घेणे, सैल स्क्रू आवळणे आणि परतीच्या थांब्यांवरची फेल्ट बदलणे ही कामे वादकाने बिनधास्त करावीत, कारण चूक झाली तर ती उलटवता येते. नळी दाबून लांबवणे, खांबाची खोबण खोल करणे, स्प्रिंग वाकवणे आणि वरच्या सप्तकाची जुळणी कारागिराकडेच सोपवावी. त्याच्याकडे जाताना कोणत्या चावीला, दाबताना की सोडताना, कसा आवाज येतो हे कागदावर लिहून न्यावे.